मेंदूतला न फुटलेला फुगा आणि घाईचा सल्ला

एमआरआयमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, दिसला की नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला हमखास फिरू लागतो: हा कधीही फुटणारा बॉम्ब आहे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात दिवस घालवू नका, रिपोर्टचा फोटो दाखवून मिळेल त्या सर्जनकडून लगेच ऑपरेशन करून घ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आजच बंद करा. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी असते, पण या सल्ल्याने रुग्णाचे नुकसान होऊ शकते.

आधी बॉम्बविषयी. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या मेंदूत असा न फुटलेला फुगा असतो आणि बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. जपानमधील साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुटण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी ०.९५ टक्के आढळले. ३ ते ४ मिलिमीटरच्या फुग्यांत ते ०.३६ टक्के, तर १० ते २४ मिलिमीटरच्या फुग्यांत ४.३७ टक्के होते. जपानी आणि फिनिश लोकांत हा धोका इतरांपेक्षा जास्त मानला जातो, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु आकार, जागा आणि ठेवण कळल्याशिवाय कोणाच्याही फुग्याला बॉम्ब म्हणता येत नाही, एवढे त्यांतून स्पष्ट होते.

‘मिळेल तो सर्जन’ हा भाग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावणे, जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी नेऊन आत प्लॅटिनमची कॉइल भरणे, रक्ताचा प्रवाह वळवणारा स्टेंट बसवणे आणि काहीही न करता ठरावीक काळाने स्कॅन करत राहणे, असे वेगवेगळे मार्ग आहेत. उपचारातही पक्षाघाताचा धोका असतोच. म्हणून क्लिप लावणारे न्यूरोसर्जन आणि कॉइलिंग करणारे तज्ज्ञ, दोघांचेही मत घ्यावे. पुढील ५ वर्षांत माझा फुगा फुटण्याची शक्यता किती, उपचारातला धोका किती, इथे वर्षाला अशा किती केसेस होतात आणि थांबायचे ठरले तर पुढचा स्कॅन कधी, हे प्रश्न कागदावर लिहून नेले तर कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

रिपोर्टच्या फोटोने काम भागत नाही. फुग्याची मान किती रुंद आहे, त्यातून एखादी शाखा निघते का, हे मूळ प्रतिमांतच दिसते. स्कॅन सेंटरकडून पूर्ण सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा, तो उघडतो का हे घरीच पाहावे आणि जुना स्कॅन असेल तर तोही न्यावा, कारण फुगा वाढला आहे का हे तुलनेशिवाय कळत नाही. सोबत सर्व गोळ्यांची मात्रांसह यादी, रक्तदाबाच्या नोंदी, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि पूर्वी कॉन्ट्रास्टची, म्हणजे स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधाची, अ‍ॅलर्जी झाली असल्यास तिची माहिती असावी. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारावे. आपल्याकडे ‘तो अचानक गेला’ एवढेच सांगण्याची पद्धत आहे. पण आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला मेंदूत रक्तस्राव झाला होता का, कोणाच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होत्या का, यावर निर्णय बदलू शकतो. विडी-सिगारेटचे प्रमाणही खरे सांगावे, सोबत सासरे बसलेले असले तरी.

गोळ्यांबाबत सल्ला सरळ घातक आहे. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःहून बंद केले, तर फुगा राहील बाजूला आणि हृदयविकाराचा झटका येऊ शकेल. ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांना आधी फोन करावा. रक्तदाबाची गोळी तर एक दिवसही चुकवू नये.

घाई खरोखर करायची ती वेळ वेगळी आहे: क्षणार्धात उसळलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी, मान आखडणे किंवा शुद्ध हरपणे, अथवा एका डोळ्याची पापणी अचानक खाली येणे आणि एकाचे दोन दिसणे. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि ती सीडी बरोबर घ्यावी.