गारठ्याने नागपुरात फरशी उचलत नाही

'थंडीत जमीन फुगते, अंगणातल्या पेव्हर ब्लॉकखाली दीड फूट खडी भराच' असा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर फिरतोय. सल्ला कॅनडासारख्या ठिकाणी बरोबरच आहे. तिथे मातीतलं पाणी गोठतं आणि बर्फाचे थर फरशी वर ढकलतात. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर आला, शून्याखाली नाही.

आपली खरी अडचण काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. ब्लॉक हलतात ते त्यानेच. म्हणून ती माती काढा, मुरूम थराथराने पाणी मारून दाबा (मिस्त्री कंटाळा करतात तो इथेच), मग खडी, वर इंचभर रेती. उतार घरापासून बाहेर, फुटाला पाव इंच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.