पूर्ण संचाचे पैसे घेतलेत, तर गोष्ट पूर्ण द्या

आज सकाळी ऑफिसला निघता निघता मेल आला. एका हिंदी कॉमिक्स मालिकेचा पूर्ण संच मी मागच्या दिवाळीआधी पैसे भरून नोंदवला होता. पहिले दोन भाग आले. उरलेले पुन्हा पुढे ढकललेत. कारण म्हणून 'काही अडचणी' एवढंच, तारीख नाही. आणि त्याच मेलमध्ये खाली नव्या मालिकेची रंगीत जाहिरात! आगाऊ नोंदणी सुरू, पहिल्या ग्राहकांना पोस्टर फुकट. जुनं पुरं झालेलं नाही आणि नव्याचे पैसे मागताय?

उशीर झाला म्हणून मी चिडलेली नाही, हे आधीच सांगते. चित्राला वेळ लागतो हे आम्हाला कुणी शिकवू नये, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात वाढलोय आम्ही. आधी पेन्सिल, मग शाई, मग रंग, मग फुग्यांतली अक्षरं. चांगल्या चित्रकाराचं दिवसाला जेमतेम एक पान होतं. पण हे प्रकाशकाला माहीत नव्हतं का? माहीत असूनही चार महिन्यांत सगळं देतो म्हणून पैसे घेतले, याचा राग आहे.

आमच्या लहानपणी मंगळवार पेठेत एका जिन्याखाली कॉमिक्स भाड्याने मिळायची. चालवणाऱ्यांना आम्ही सगळी पोरं मामा म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. दोन भागांची गोष्ट असेल तर दुसरा भाग हातात आल्याशिवाय पहिला भाड्याने द्यायचा नाही. तोवर तो पत्र्याच्या पेटीत. दुसरा आला की दोन्ही भाग एकावर एक ठेवून दाभणाने भोकं पाडायचे, जाड दोऱ्याने शिवायचे, वर खाकी कागद चढवायचे आणि त्यावर निळ्या शाईने नाव घालायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ त्या पेटीसमोर उभं राहून किती विनवण्या करायचो! मामा म्हणायचे, "पुरं झाल्याबगर देत न्हाई. अर्धं वाचून तुला झोप लागायची न्हाई, आणि सकाळी माझ्याच दारात उभी ऱ्हाशील." तेव्हा फार राग यायचा त्यांचा.

तो माणूस कॉमिक्स छापत नव्हता, लिहीत नव्हता, नुसता भाड्याने देत होता. तरी पोरांना मधेच सोडायचं नाही एवढी जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली होती. पेटीत पडून राहिलेल्या अंकाचं भाडं बुडायचं, ते त्याचंच.

आणि हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. 'अल्टिमेट वुल्व्हरिन विरुद्ध हल्क' या मार्व्हल या अमेरिकन कंपनीच्या मालिकेचा दुसरा अंक २००६ साली आला आणि तिसरा २००९ साली. सहा अंकांची मालिका! लेखक केविन स्मिथच्या 'डेअरडेव्हिल : द टार्गेट'चा एकच अंक निघाला, २००२ साली, आणि पुढे काहीच नाही. डीसी या तिकडच्याच दुसऱ्या कंपनीची बारा अंकांची 'डूम्सडे क्लॉक' महिन्याला एक अंक म्हणून सुरू झाली आणि दोन वर्षं चालली. तिकडे दुकानदार दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवतो. अंक वेळेवर नाही आला तर वाचक दुसरीकडे वळतो, आणि नंतर आलेला गठ्ठा त्या छोट्या दुकानदाराच्या गळ्यात पडतो. लेखकाचं नाव मोठंच राहतं.

बरं, मान्य, कधीकधी उशीर चांगला ठरतो. २००६ मध्येच मार्व्हलने 'सिव्हिल वॉर' लांबवली, कारण मधेच चित्रकार बदलायचा नव्हता, आणि आज ते पुस्तक सलग वाचताना तो निर्णय बरोबर वाटतो. पण त्यांनी तसं उघड सांगितलं होतं.

मेलचा विषय मी दुपारी एका ग्रुपवर काढला, तर एकाने लगेच लिहिलं, "कला आहे ही, फॅक्टरी नाही. घाई असेल तर वाचू नका." अरे बाबा, पैसे भरून गप्प बसलेल्या माणसाला घाईचा म्हणतोस? पानं मांडून माणसं बसवल्यावर भात अजून चुलीवर चढवायचाय असं कुणी सांगतं का?

हे टाइप करताना 'बर्सर्क' ही जपानी कॉमिक्स मालिका काढणाऱ्या केंतारो मिउरांची आठवण झाली आणि थोडी शांत झाले. तीन दशकं त्या माणसाने एकच गोष्ट काढली. मधे मोठमोठे खंड पडले, वाचकांनी कुरकुर केली, आणि २०२१ मध्ये चोपन्नाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या कुठल्याही चौकटीत बघा, चिलखताच्या एकेका कडीवर रेघा आहेत. पुढच्या वर्षी त्यांचे जुने मित्र कोउजी मोरी पुढे आले. शेवट त्यांना मिउरांनी सांगून ठेवला होता, त्या आठवणीवर त्यांनी मिउरांच्या स्टुडिओबरोबर गोष्ट पुढे चालू केली. 'हंटर × हंटर' या दुसऱ्या जपानी मालिकेच्या तोगाशींना पाठीच्या दुखण्याने बसवत नाही, ते त्यांनी स्वतः वाचकांना सांगितलं. अशा माणसांसाठी मी दहा वर्षं थांबेन. आजारी माणसाला कुणी तारीख मागत नाही.

आणि घड्याळावर काम करणारेही आपल्याकडे होऊन गेले. अमर चित्र कथेचं महाभारत ४२ भागांत पुरं झालं, ऐंशीच्या दशकात, कॉम्प्युटर नसताना! चित्रं दिलीप कदमांची. कुरुक्षेत्रावरचे हत्ती, रथ, हजार माणसं, सगळं हाताने. आमच्या मामांकडे त्याचे गठ्ठे होते, तसेच शिवलेले, आणि भीष्म पडतात ते पान इतकं हाताळलेलं की कोपरा गोल झाला होता. पुढचा भाग येणार याबद्दल आमच्या मनात शंकाच नसायची.

भाऊ आता पुण्यात असतो. हा संच मी आम्हा दोघांसाठीच घेतला. दर रविवारी फोनवर विचारतो, "ताई, आला का गं?" चाळिशी ओलांडलेला माणूस, पण हे विचारताना आवाज अगदी त्या जिन्याखालचा असतो. आज त्याला काय सांगू?

सगळे वाचक मामांसारखे थांबून बसले तर छोटा प्रकाशक बुडेल, हे खरं आहे. मग एकेका भागाचे पैसे घ्या. भाग छापून तयार झाला की मागा, आम्ही त्याच दिवशी पाठवतो. चित्रकार आजारी असेल तर तसं लिहा, पैसे अडकले असतील तर तेही लिहा, आम्ही समजून घेऊ. पण संचाचे पैसे आधी घेऊन त्यातून दुसऱ्या मालिकेची पोस्टरं छापू नका. आणि निदान अर्धे तरी भाग काढून झाल्याशिवाय जाहिरात करू नका.

न आलेल्या भागांचे पैसे परत मागणारा मेल मी संध्याकाळी पाठवलाय. तुमच्यापैकी ज्यांनी हाच संच नोंदवलाय त्यांनी मला इनबॉक्स करा. सगळ्यांच्या नावानिशी एकच पत्र पाठवू, म्हणजे उत्तर द्यावं लागेल. मसुदा आज रात्रीच लिहायला घेते.