ऊन सोलापूरचं, पण छत मालकाचं

"सोलापूर आहे ताई, ऊन तर असणारच की!"

हे वाक्य आता पुन्हा कुणी माझ्यासमोर काढलं तर मला आवरणार नाही. मालकांना फोन केला की हेच ऐकायचं, जिन्यात गाठलं की हेच. अहो, ऊन असणार हे मला कळत नाही का? माझा जन्म इथला, शाळा इथली, सासरही इथलंच. मार्च संपता संपता चाळिशी, मे उजाडला की त्रेचाळीस-चव्वेचाळीस, हे मला कुणी शिकवायला नको. मी उन्हाची तक्रार करतच नाहीये. मी तक्रार करतेय छताची. ज्या छताखाली राहायचे महिन्याला ६,५०० रुपये मोजते, त्या छताची.

पूर्व भागातलं दुमजली घर. खाली मालक, वर आम्ही. दोन खोल्या, आणि त्यावर उघडाबोडका सिमेंटचा स्लॅब. ना त्यावर फरशी, ना चुना, ना कसली सावली. पावसानं काळा पडलेला, तसाच सोडून दिलेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. तेव्हा भिंतींना ऊन फारसं लागतच नाही, सगळं छतावर पडतं. तो काळा स्लॅब दिवसभर ते ऊन पितो आणि संध्याकाळनंतर आमच्या डोक्यावर सोडायला लागतो. बाहेर रात्री दहाला वाऱ्याची झुळूक येते, लोक अंगणात खाटा टाकून गप्पा मारतात, आणि आमच्या खोलीत दुपारपेक्षा जास्त उकडतं. परवा रात्री अकराला मी स्टुलावर उभी राहून छताला तळहात लावला. पाच आकडे मोजायच्या आत हात मागे घ्यावा लागला. रात्री अकराला! आणि पंखा त्याच छताला लटकलेला, तो तिथलीच तापलेली हवा ढकलून खाली आणतो. एकवर ठेवा नाहीतर पाचवर, फरक एवढाच की झळ हळू लागते की जोरात.

पेपरात येतं, आज कमाल तापमान अमुक इतकं. तो आकडा वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीतला, सावलीतला, वारा खेळतो तिथला. स्लॅबखालच्या खोलीचा आकडा कुणी छापत नाही. तिथं राहणाऱ्यालाच तो माहीत.

मी शिलाईचं काम करते. शाळेचे युनिफॉर्म. सोलापुरात ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: चादरीचं नाव मोठं असलं तरी आता या गावात कितीतरी घरं युनिफॉर्मच्या शिलाईवर चालतात. आणि शाळा उघडतात जूनमध्ये. म्हणजे कामाचा हंगाम कधी? एप्रिल-मे. सगळं गाव सावलीला बसतं तेव्हा आम्हाला मशीन सोडता येत नाही. लॉट वेळेत गेला नाही तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्या बाईला.

पांढरा शर्ट शिवताना काय होतं ते ऐका. कपाळाचा घाम कॉलरवर पडला की पिवळट डाग. तो पीस परत. मजुरी गेलीच, वर धुऊन-इस्त्री करून द्यायचा. म्हणून मी कपाळाला रुमाल बांधते, दोन्ही मनगटांना जुन्या बनियनच्या पट्ट्या गुंडाळते, आणि मांडीवर टॉवेल. मशीनची मोटर गरम, लोखंडी बॉडी गरम, कात्री धरायला गेलं तर कात्री गरम. पंखा जोरात ठेवावा तर कापलेले पीस उडतात, खिसे एकीकडे, बाह्या दुसरीकडे. म्हणून पंखा हळू. दुपारी बारा ते पाच हात चालतच नाही, डोळ्यांपुढं अंधारी येते. मग तेवढं काम रात्री. आणि रात्री तर खोली आणखी तापलेली. हंगामाच्या ऐन दिवसांत माझे पीस निम्म्यावर येतात. याचे पैसे कोण भरून देणार? मालक भाडं निम्मं घेतात का उन्हाळ्यात?

सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवसा ऊन सोसलेल्या शरीराला रात्री तरी गारवा मिळालाच पाहिजे, नाहीतर म्हातारं माणूस घरात बसल्या बसल्याही उष्माघातानं पडतं. हे मी मालकांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना ताक द्या." ताक देतेच की! ताकानं स्लॅब गार होतो का?

बरं, मी काय मागितलं? एसी मागितला नाही. फॉल सीलिंग मागितलं नाही. वर पत्र्याची शेड बांधा असंही म्हणाले नाही. मी मागितलं, गच्चीवर चुना मारा. बस. कळीचा चुना आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी ढवळून गाळायचा, त्यात फेविकॉल टाकायचं म्हणजे तो पटकन उडून जात नाही, आणि कुंच्यानं दोन हात मारायचे. आमच्यासारख्या लहान गच्चीचं काम दोन-तीन हजारांच्या आत होतं. पांढऱ्या छतावरून ऊन बरंचसं परत फिरतं, काळं छत ते पिऊन घेतं. एवढं साधं आहे. खोलीत दोन-चार अंश तरी उतरतात, आणि चव्वेचाळिसाच्या दिवसांत दोन-चार अंश म्हणजे झोप लागणं आणि न लागणं एवढा फरक. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अहमदाबादनं २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गमावल्यावर २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं चुन्यानं पांढरी करायला घेतली. तेलंगणानं तर २०२३ मध्ये गार छतांचं सरकारी धोरणच आणलं. तेलंगण आपल्यापासून किती लांब आहे? आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडचे. तिथलं सरकार नियम करतं आणि आमच्या मालकांना कुंचा धरवत नाही.

त्यांची उत्तरं ऐका. आधी म्हणाले, चुन्यानं स्लॅबला ओल धरते. कुणी सांगितलं? गवंड्याला विचारा, तो हसेल. मग म्हणाले, गच्चीवर काकू कुरडया-सांडगे घालतात, चुना पायाला लागतो, वाळवणाला लागतो. म्हणजे कुरडयांना जागा स्वच्छ पाहिजे आणि खाली माणसं भाजली तरी चालतील? मी म्हणाले, एक कोपरा सोडू, तिथं वाळवण घाला. तर म्हणे बघू. हे "बघू" मी दर उन्हाळ्यात ऐकतेय. जूनमध्ये पाऊस आला की "बघू" आपोआप मिटतं.

शेवटी मी म्हणाले, पैसे मी घालते. चुना मी आणते, कुंचे मी आणते, मजूर नको, आम्ही नवरा-बायको पहाटे उठून मारतो. तुम्ही फक्त गच्चीची किल्ली द्या. तीसुद्धा दिली नाही! "उगाच एकाला सवय लागली की सगळे वर येतात," म्हणे. सगळे कोण? या घरात भाडेकरू आम्ही एकटेच.

गच्चीला कुलूप, हा तर या सगळ्यावरचा कळस. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं हा सोलापूरकराचा जन्मापासूनचा रिवाज. लहानपणी आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचो, ती जरा निवली की अंथरुणं टाकायचो, पहाटे पहाटे चादर ओढायला लागायची. इथं वर गच्ची रिकामी पडलेली, आणि खाली आम्ही ओला टॉवेल छातीवर टाकून कूस बदलत असतो. म्हातारीला वर न्यायचं म्हटलं तरी किल्ली नाही.

"मग कूलर घ्या." घेतला. डेझर्ट कूलर खिडकीत बसवायचा असतो, बाहेरची कोरडी हवा आत ओढली तरच तो गार करतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा एवढी कोरडी असते की कूलर उत्तम चालायला पाहिजे. पण खिडकीबाहेर स्टँड ठोकायला बंदी, भिंतीला भोकं पडतात म्हणून. मग कूलर खोलीच्या आत. आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवतो, अर्ध्या तासात खोली दमट होते, घाम वाळेनासा होतो, आणि माझ्या कामाचं कापड सर्द पडतं. त्यात पाणी. नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात कूलरला बादल्या ओतायच्या कुठून? आणि जे पाणी आहे ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत. दुपारी नळ सोडला तर हात पोळतो. अंघोळ करायची तर पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवायचं. वीज सबमीटरवर, युनिटचा दर मालक ठरवतील तो. पंखा, कूलर, मशीन, सगळं त्यावर. त्यांनी छत तापत ठेवायचं, आम्ही ते गार करायचा प्रयत्न करायचा, आणि त्या प्रयत्नाचं बिलही त्यांनाच द्यायचं.

आणि ते स्वतः खाली. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. त्यांना उकडत का नाही? तर त्यांच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या आहेत म्हणून! त्यांचं छत म्हणजे आमची जमीन. सगळं ऊन आम्ही झेलतो, त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. फरशीवर पाय पसरून दुपारी दोन तास गाढ झोपतात आणि चारला उठून मला सांगतात, "आम्ही पण इथंच वाढलो, आम्हाला कधी त्रास झाला नाही." कुठं वाढलात? पेठेतल्या जुन्या घरात. मला माहीत आहे ते घर. माळवदाचं. लाकडी सरे, वर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. त्या मातीतून दुपारचं ऊन आत उतरायला रात्र व्हायची, आणि तेव्हा घरातले सगळे वर मोकळ्या आभाळाखाली झोपलेले असायचे. ज्यांनी ती घरं बांधली त्यांना सोलापूरचं ऊन कळत होतं. तुम्ही त्या मातीखाली वाढलात आणि आम्हाला पाच इंची स्लॅबखाली ठेवून सांगता की त्रास होत नाही!

"पटत नसेल तर खोली बदला." हेही झालं. कुठं जाऊ? परवडणारी खोली बघायला गेलं की एकतर वरचा मजला नाहीतर पत्र्याची. खालच्या मजल्याचं भाडं जास्त, का जास्त ते सगळ्या मालकांना ठाऊक असतं. म्हणजे वर राहवत नाही हे भाडं ठरवताना कळतं, आणि तक्रार केली की कळत नाही. शिवाय एजंटाला एक महिन्याचं भाडं, नवीन डिपॉझिट, जुन्या डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार, मशीन आणि ओव्हरलॉक उतरवायचं, वर चढवायचं, आणि हे सगळं हंगामात.

करारावर बोट ठेवावं म्हटलं तर करार कसला? अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५: भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडं चुकीचा आहे, पण गावभर तोच चालतो. मी एकदा नुसतं विचारलं तर तोंड वाकडं. त्याच कायद्यात कलम २९ आहे, मालकाला भाडेकरूचं पाणी-वीज बंद करता येत नाही. ते बरं आहे, कारण चुन्याचा विषय काढला त्या आठवड्यात आमचं पाणी "मोटर बिघडली" म्हणून दोन दिवस वर चढलं नव्हतं.

पण तापलेल्या छताबद्दल कायद्यात मला काही सापडलं नाही. छत गळलं तर दुरुस्ती म्हणता येते. आणि गळतं तेव्हा बघा मालक कसे धावतात! गेल्या पावसाळ्यात जिन्याजवळ थेंब टपकला, दुसऱ्या दिवशी गवंडी हजर, केमिकल काय, सिमेंट काय. कारण पाणी झिरपत त्यांच्या छतापर्यंत गेलं असतं. पाणी आत आलं तर घर खराब झालं, आणि आग आत आली तर? तेव्हा मात्र "सोलापूर आहे ताई". वर्षातले तीन-चार महिने ज्या खोलीत म्हातारं माणूस झोपू शकत नाही, ती खोली नादुरुस्तच आहे. ती दुरुस्त करायचं काम मालकाचं आहे, उपकार म्हणून नाही, त्याचं भाडं घेतलंय म्हणून. त्यात दरवर्षी दहा टक्के वाढ. वाढ मागताना कुणी म्हणत नाही की बघू.

आता मी खाली जाऊन हात जोडणार नाही. चुन्याची गोणी आणून जिन्यात ठेवली आहे, शेजारी दोन नवे कुंचे, येता-जाता दिसतील अशा. आणि या महिन्याचं भाडं मी नेऊन देणार नाही, मालकांनी वर येऊन घ्यायचं. दुपारी तीन वाजता. माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचं, पंखा त्यांना पाहिजे तेवढ्या नंबरवर लावते, आणि मी हातातला लॉट संपवून पैसे मोजीपर्यंत उठायचं नाही. येताना गच्चीची किल्ली आणायची.