चप्पल चोरायची तर देवळाबाहेरून कशाला?

देवळाबाहेरून चपला लांबवणाऱ्या भुरट्या बंधूंनो, जरा थांबा. एका जोडापायी चार लोकांचा मार खायचे दिवस गेले. आता चोरायचं तर अख्ख्या कोल्हापूरचं नाव चोरायचं, तेही परदेशात बसून, ऑनलाइन दुकान थाटून, आणि वर गिऱ्हाइकांकडून पाच-पाच चांदण्या घ्यायच्या. कसं ते सांगतो. अनुभव ताजा आहे, फक्त मी चोराच्या बाजूला नव्हतो.

पहिलं म्हणजे चप्पल बनवायच्या नादाला लागू नका. बाभळीची साल, हिरडा, चामडं कमावणं, वेणी वळणं हे ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांचे उद्योग. तुम्हाला लागतो फक्त फोटो, आणि तो माझ्यासारखा कुणीतरी काढून ठेवतोच. आमच्या उंबऱ्यावर कापशी (कोल्हापुरीचाच एक घाट) जोड ठेवून मी एक काढला होता. कडेला रांगोळीचा कोपरा आणि चुकून आलेला माझ्या डाव्या पायाचा अंगठा, हातोडी पडून नख काळं झालेला. मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून भाचीनं लिंक पाठवली, "मामा, हा तुमचाच उंबरा ना?" उंबरा माझा, अंगठा माझा, दुकान भलत्याचंच.

मालाच्या नावात 'कोल्हापुरी'पुढं 'स्टाइल' घालायला विसरू नका. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारातलं २३वं कलम शॅम्पेनसारख्या वाइनला आणि कडक दारूला असं कवच देतं, की 'शॅम्पेन स्टाइल' म्हणायचीसुद्धा चोरी. चप्पल येते २२व्या कलमात. तिथं गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली हे आधी दाखवावं लागतं. पिण्याच्या वस्तूला मान जास्त, घालण्याच्या वस्तूला कमी. आपण काय बोलणार!

जीआयला, म्हणजे ठरावीक गावच्या मालालाच ते नाव देणाऱ्या भौगोलिक मानांकनाला, भिऊ नका. २०१९ मध्ये कोल्हापुरीला तो मिळाला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. पण कायदा भारताचा, त्यामुळे सीमेपलीकडं तो भिंतीवर लावायचा कागद.

दुकानाचा पत्ता एका देशात, माल दुसऱ्या देशात, पैसे तिसऱ्या देशात. बस्स.

आता मालकानं तक्रार केली तर? करू द्या की! ज्या वेबसाइटवर तुम्ही माल विकता, तिथं एक फॉर्म असतो. मी भरलाय, एकदा नव्हे, सहा वेळा. 'कोणत्या हक्काचा भंग?' ट्रेडमार्क, पेटंट, कॉपीराइट, इतर. जीआय यादीतच नाही. 'इतर' निवडलं तर लाल अक्षरात 'योग्य पर्याय निवडा'. ट्रेडमार्क निवडला तर नोंदणी क्रमांक मागतो, आणि जीआयचा क्रमांक टाकला तर 'अवैध'. शेवटी कॉपीराइट. फोटो तुमचाच कशावरून? अरे, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानं फोटो काढल्या क्षणी हक्क माझा झाला, त्याला दाखला लागत नाही! पण हे सांगायचं कुणाला? उत्तर यंत्र देतं, 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.' कसला संयम? मी अंगठ्याचा फोटो पाठवला, नखासकट. वर्तमानपत्र हातात धरून पाठवला, ओलीस धरलेल्या माणसासारखा! सतराव्या दिवशी चप्पल उतरली आणि एकोणिसाव्या दिवशी दुसऱ्या नावानं पुन्हा वर चढली. तोच उंबरा, तोच अंगठा.

समजा अमेरिकन साइटनं फोटो हटवलाच, तर 'तक्रार चुकीची आहे' अशी बिनधास्त उलट नोटीस द्या. तिकडच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मग मालकानं कोर्टात दावा लावायचा, नाहीतर १० ते १४ कामाच्या दिवसांत फोटो जागेवर परत. एका जोडामागं दोनशे रुपये सुटणारा माणूस अमेरिकेत वकील लावतोय, बघा चित्र डोळ्यासमोर आणून.

आणि हो, फार मोठे होऊ नका. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल नेली, तर महाराष्ट्र पेटला. कंपनीला पत्र लिहून मूळ मान्य करावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली (फेटाळली, ज्याच्या नावावर जीआय आहे त्यानं यावं म्हणाले). तुमच्या रेक्झिनच्या जोडासाठी कुणी स्टेटसही ठेवणार नाही.

खरंच ठेवणार नाही, याचाच तर राग येतो. ती वेबसाइट म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ. गोदाम तुमचं, खोकं तुमचं, जाहिरात तुमची, प्रत्येक जोडावर कमिशन तुमचं, आणि चोरी पकडली की मध्यस्थ? लाज वाटत नाही? आणि कोल्हापुरी हे नाव युरोप-अमेरिकेच्या कायद्यात बसवायचं काम कुणाचं, दिवसभर हातोडी मारणाऱ्याचं? प्राडाच्या वेळी घसा फाडून ओरडणारे तुम्ही तरी कुठं वेगळे? भाचीला विचारलं, "तू काय केलंस मग?" म्हणाली, "दोन जोड मागवले मामा, शिपिंग फ्री होतं."

फोटोतला अंगठा माझा आहे. काढा तो तिथून.