इटलीच्या शेतातील ‘खात्रीची कमाई’

इटलीत शेतमजुरीला गेलेल्यांची पिळवणूक फक्त चोरवाटेने जाणाऱ्यांची होते, हंगामी व्हिसा असला की महिना दीड लाख सुटतात, तिथे आपलीच माणसे सांभाळून घेतात, मालक आजारपणात काळजी घेतो आणि पंधरा लाखांचा खर्च वर्षभरात फिटतो, असे सांगणारा संदेश सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. माझ्या आतेभावाने तो मला पाठवून, दोन एकर गहाण ठेवावेत का, असे विचारले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सर्वांत घातक दावा व्हिसाचा आहे. जुलै 2024 मध्ये इटलीच्या पोलिसांनी व्हेरोना प्रांतातून 33 भारतीय शेतमजुरांची सुटका केली, आणि त्यांना हंगामी परवान्यावरच आणलेले होते. पोलिसांच्या माहितीनुसार प्रत्येकाकडे 17,000 युरो मागितले होते. काम आठवड्याचे सातही दिवस, रोज 10 ते 12 तास, मजुरी तासाला 4 युरो, आणि कर्ज फिटेपर्यंत तीही हातात पडायची नाही. पासपोर्ट काढून घेतलेले होते. आता हिशेब करून पाहा. रोज 12 तास, एकही खाडा न करता राबले तरी 17,000 युरो फिटायला 355 दिवस लागतात, आणि इटलीतील हंगामी परवाना जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा असतो. म्हणजे देणे शिल्लक असतानाच परवाना संपतो, रीतसर गेलेला माणूस तिथेच बेकायदा ठरतो आणि त्यानंतर त्याला पोलिसांकडे जायचीही भीती वाटते. सुटका झालेल्यांपैकी काहींकडे कायमच्या परवान्यासाठी आणखी 13,000 युरो मागण्यात आले होते. उचल फिटत नाही म्हणून पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे जावे लागणारा ऊसतोड कामगार आपण पाहिलेला आहे. हा फास त्याच जातीचा आहे.

आपली माणसे सांभाळून घेतात म्हणे! व्हेरोनातील संशयित मुकादम भारतीयच होते.

मालक आजारपणात काळजी घेतो, हे वाक्य वाचून मात्र संताप आवरत नाही. 17 जून 2024 रोजी रोमच्या दक्षिणेला लातिना येथे कागदपत्रांविना राबणाऱ्या एका 31 वर्षांच्या पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी घरासमोर टाकून देण्यात आले आणि तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवलेला सापडला. दोन दिवसांनी तो रोममध्ये मरण पावला, आणि त्यानंतर मालकाला अटक झाली.

तिथे कायदा कडक आहे, एवढे मात्र मान्य करावे लागते. 2016 च्या 199 क्रमांकाच्या कायद्याने मजुरांची पिळवणूक करणाऱ्या मुकादमाबरोबर मालकालाही गुन्हेगार ठरवले आहे, आणि व्हेरोनातून सुटलेल्यांना संरक्षण व वास्तव्याची कागदपत्रे देण्याचे पोलिसांनी जाहीर केले होते. पण पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात आणि गावाकडे जमीन गहाण असताना त्या कायद्यापर्यंत पोहोचायचे कसे, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

राहिला पंधरा लाखांचा ‘खर्च’. परदेशी नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते. आतेभावाला मी आधी एजंटाचा नोंदणी क्रमांक आणि मालकाच्या सहीचा करार मागायला सांगितले आहे, आणि ते हातात येईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नकोस, असेही बजावले आहे.