उचित करंट

कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे फुकट. चाळीस वर्षं बेळगावात काढून हे मला २०२३ साली कळलं. महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत करंट ‘उचित’, असं कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेबद्दल ऐकलं, तेव्हा वाटलं, सरकार आता योग्य तेवढीच वीज सोडणार. समोरच्या मामांनी खरा अर्थ सांगितला आणि मी जेवणाच्या ताटावरून उठून नाव नोंदवायला पळालो.

गोम पुढं होती. दोनशे हा आकडा भाषणातला. पदरात पडणार ती २०२२-२३ सालच्या आपल्या वापराची महिन्याची सरासरी, वर दहा टक्के. आणि त्या साली आमच्या घरात काय चाललं होतं? काटकसर! आई प्रत्येकाच्या मागनं बटणं बंद करत हिंडायची. एकदा तर मी न्हाणीत तोंडाला साबण लावून उभा असताना तिनं बाहेरनं दिवा घालवला. “डोळं मिटलेलंच हाईत की तुझं,” म्हणाली. सरासरी निघाली ऐंशी, म्हणजे आमच्या वाट्याला अठ्ठ्याऐंशी युनिटं. मामा त्याच साली टीव्ही चालू ठेवून पंख्याखाली घोरत होते, सकाळी लावलेला गिझर त्यांना दुपारी आठवायचा. त्यांची सरासरी एकशे सत्तर. त्यांना एकशे सत्त्याऐंशी फुकट. आधी कुणी कानात सांगितलं असतं, तर वर्षभर रिकामा मिक्सर फिरवत बसलो असतो.

त्यात इंडक्शनची शेगडी. २०२३ च्या मार्चात सिलिंडर अकराशेच्या घरात गेला, तेव्हा गॅस वाचवायला म्हणून बायकोनं ती आणली होती. मग ऑगस्टात दोनशे उतरले. २०२४ च्या महिला दिनी आणखी शंभर उतरले. मी सहज म्हणालो, “पुरुष दिनालाही काहीतरी करतील.” बायको म्हणाली, “करतील की. वाढवतील.” २०२५ च्या एप्रिलात पन्नास वाढलेच. पुरुष दिन नव्हता, एवढंच. महिला दिन उलटून बरोबर महिना झाला होता.

गॅस किती उरलाय हे बघण्याची आईची एक पद्धत आहे. पहाटे ओलं फडकं सिलिंडरवर वरनं खाली फिरवायचं आणि जरा थांबायचं. वरचा रिकामा भाग झटकन वाळतो, खाली पातळ गॅस असतो तिथं ओल रेंगाळते. त्या ओलीच्या कडेवर आई खडूनं रेघ ओढते. दारामागं पोराची उंची मोजतात तशा आमच्या सिलिंडरवर रेघा आहेत, फक्त हे पोर रोज खुजं होत जातं.

आई रेघ सांगते, मुलगा मीटरचा आकडा, आणि मग भात कशावर लावायचा हे ठरतं. रेघ खाली आली असेल तर करंटवर, आकडा चढला असेल तर गॅसवर. दोन्हीकडं वाईट बातमी असली की निदान आंघोळीच्या पाण्यासाठी माळ्यावरचा तांब्याचा बंब अंगणात उतरतो. मागच्या पावसाळ्यात ओल्या लाकडांनी एवढा धूर केला, की मामींची दोरीवरची इरकल दोनदा धुवावी लागली. त्यासाठी त्यांनी वॉशिंग मशीन लावलं. लावणारच. एकशे सत्त्याऐंशी युनिटं आहेत.

माझी बहीण चंदगडला दिलेली. तिकडं महावितरण. “तुझं बिल तरी मराठीत येतंय,” असं मी एकदा सुस्कारा टाकून म्हटलं, तर तिनं फोटोच पाठवला. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. १९५६ पासून ज्या मराठी कागदासाठी आमच्या तीन पिढ्या रस्त्यावर उतरल्या, तो कागद समोर आला आणि मला त्यातलं ओ की ठो कळेना. त्यापेक्षा आमचं कन्नड बिल बरं. त्यातला ‘बाकी’ हा शब्द मला लागतो. दोन्ही भाषांत तो एकच आहे आणि त्याच्यावरनं अजून तरी कुणी मोर्चा काढलेला नाही.

मागच्या महिन्यात हीच बहीण दोन पोरींना घेऊन राहायला आली. रीडिंग घ्यायला माणूस येणार दोन दिवसांनी, आणि मीटरवर महिन्याची झालेली चौऱ्याऐंशी. पोरींनी आल्या आल्या केस सरळ करायचं यंत्र लावलं. मी हिशोब करून बघितला. चार-पाच युनिटं जास्त झाली, तर पंचवीस-तीस रुपये. त्यात दोन वडापावसुद्धा धड येत नाहीत. पण दोन वर्षं सांभाळलेला बिलावरचा शून्य! भाचीच्या केसांपायी तो जाणार, हे आईला पटेना. पंचवीस रुपये मी गुपचूप भरतो म्हटलं, तर ती जेवेना.

शेवटी दुसऱ्या दिवशी रात्री आठला आईनं मेन स्विचच खाली ओढला. सगळे कट्ट्यावर येऊन बसलो. भाच्या अर्ध्या सरळ, अर्ध्या कुरळ्या. बायकोनं अंधारातच कुंद्याचा डबा फिरवला. समोर मामांच्या घरात पाचही खोल्यांत लखलखाट. तेवढ्यात मामा गॅलरीत आले आणि आमच्याकडं वाकून बघत म्हणाले, “काय वो, तुमचाच करंट गेलाय काय?”

“गेला नाही गा,” आई म्हणाली. “ठेवलाय.”