पब्लिक हिस्ट्री म्हणजे ‘गाइडचा कोर्स’ नव्हे

‘पब्लिक हिस्ट्रीचं एमए म्हणजे म्युझियम गाइडचा कोर्स, त्यात संशोधन नसतंच,’ असा एक मेसेज फिरतोय. पब्लिक हिस्ट्री म्हणजे संग्रहालयं, प्रदर्शनं अशा वाटांनी इतिहास सर्वसामान्यांपर्यंत नेण्याची शाखा. प्रवेशाचा विचार करणारी मुलं तो वाचून बिचकतात, म्हणून हा खुलासा.

या नावाचं पदव्युत्तर शिक्षण १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या इतिहास विभागात सुरू झालं. प्रा. रॉबर्ट केली यांचा त्यात पुढाकार होता. म्हणजे मुळातच ते इतिहासकारांनी इतिहासकारांसाठी घडवलेलं शिक्षण आहे.

संशोधन तर पावलोपावली करावं लागतं. प्रदर्शनातल्या एका वस्तूखालची साठ-सत्तर शब्दांची पाटी घ्या. वस्तू कुणाची, कुठून आली, नोंदवहीतली तारीख खरी का, हे सगळं कागदपत्रांत शोधायचं. मग उभ्याउभ्या वाचणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळेल असं लिहायचं. माझ्या मते वीस पानी निबंधापेक्षा ही पाटी अवघड. निबंधात शंका तळटीपेत टाकता येते, इथे ती सोय नाही!

मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवण्याचंही तसंच. रेकॉर्डर सुरू करण्याआधी संमती घ्यायची, मग बोलणं शब्दन् शब्द उतरवायचं आणि सांगणाऱ्याची आठवण इतर पुराव्यांशी ताडून पाहायची. हे करताना त्याचा मान राखणं, हेही शिकावंच लागतं.

मेसेजमध्ये तथ्य असलंच तर एवढंच: बऱ्याच अभ्यासक्रमांत संग्रहालयात किंवा अभिलेखागारात इंटर्नशिप करावी लागते. पण ती संशोधनाच्या जोडीला असते, त्याच्या जागी नव्हे.